भटारखाना हा कारखानाच आहे

मुंबई-पुण्यातील कोणत्याही मध्यम हॉटेलच्या दर्शनी भागात संगमरवरी टेबले आणि गल्ल्यामागे देवाची तसबीर असते. मागच्या दाराने आत डोकावले तर निराळेच जग दिसते. ओली फरशी, कोंदलेली वाफ, तेलाने माखलेल्या भिंती आणि त्यांवरून लोंबणाऱ्या केबली. पीठ वाटण्याचा ग्राइंडर, कणीक मळण्याचे यंत्र, विजेची भट्टी यांच्यामध्ये ओल्या हातांनी आणि बहुधा अनवाणी वावरणारी पोरे. मोठ्या यंत्रांना लागणारी थ्री-फेज वीज कारखान्यातील लेथला लागते तीच. दोन फेजमधील दाब सुमारे ४०० व्होल्टचा. वीज कारखान्याची, यंत्रे कारखान्याची, घामही कारखान्याचाच. परंतु कायद्याच्या लेखी हा कारखाना नव्हे.

१९४८च्या कारखाना कायद्यातील ‘कारखाना’ या व्याख्येतून १९७६च्या दुरुस्तीने हॉटेले व उपाहारगृहे वगळण्यात आली. २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनेही तोच अपवाद कायम ठेवला. राज्याच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनांना नोंदणीतून मोकळे करून केवळ सूचना देण्यावर भागवले. छोट्या हॉटेलातील कामगार अशा रीतीने प्रत्येक नव्या कायद्यागणिक निरीक्षकाच्या दृष्टीआड होत गेला.

विजेचे नियम मात्र नाहीत असे नाही. १९५६च्या भारतीय वीज नियमांपासून २०२३च्या केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या विनियमांपर्यंत एक गोष्ट सातत्याने सांगितलेली आहे : वायरिंग परवानाधारक कंत्राटदारानेच करावे आणि मोटारीच्या सांगाड्याला दोन स्वतंत्र अर्थिंग असावीत. प्रत्यक्षात ओळखीचा वायरमन येतो, तीन फेज जोडतो, यंत्र फिरते आणि काम संपते. हिरवी तार ‘उगाच खर्च’ म्हणून गाळली जाते, किंवा न्यूट्रलच सांगाड्याला जोडून वेळ मारून नेली जाते. तो न्यूट्रल कधी तुटला, की चकाकणारा पोलादी सांगाडाच वीजभारित होतो आणि पुसायला गेलेला हात त्याला चिकटतो.

‘एमसीबी बसवली आहे’ असे मालक सांगतो, आणि त्यात खोटे काही नसते. परंतु ३२ अँपिअरची एमसीबी तारेचे रक्षण करते, माणसाचे नव्हे. ओल्या शरीरातून गेलेला अँपिअरच्या दहाव्या हिश्श्याइतका प्रवाहही हृदय बंद पाडण्यास पुरेसा ठरतो. एमसीबीला त्याची दखलही नसते. ती दखल घेते ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. भट्टीच्या हीटरमध्ये ओल शिरली की गळती होते आणि आरसीसीबी वारंवार पडते. ऐन गर्दीच्या वेळी धंदा थांबतो म्हणून हीटर बदलण्याऐवजी आरसीसीबीच वगळून जोडणी थेट केली जाते. इशारा देणाऱ्याचेच तोंड बंद करण्याची ही रीत आपल्या समाजाला नवी नाही.

लहान मालकही महाग गॅस आणि वाढत्या भाड्याने पिचलेला आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याच्या अडचणीचा बोजा अखेर कोणी उचलायचा? गावाकडून आलेल्या, त्याच हॉटेलात झोपणाऱ्या आणि हजेरीपटावर नावही नसलेल्या पोराने? दुर्घटना घडली की ‘शॉर्ट सर्किट’ या दोन शब्दांत प्रकरण मिटते. वस्तुतः २००३च्या वीज कायद्याच्या कलम १६१नुसार अशा अपघाताची सूचना देणे बंधनकारक आहे आणि विद्युत निरीक्षकाकडून चौकशीची तरतूदही आहे. ती मागणारे कोणी नसते, हाच खरा प्रश्न आहे.

ही मागणी करणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. खाद्य परवान्याच्या वेळी वायरिंगचा चाचणी अहवाल पाहिला जावा आणि लहान हॉटेलांसाठी पालिकेने अल्प शुल्कात तपासणी करावी, यासाठी वॉर्डावॉर्डांत दडपण आणले पाहिजे. आणि प्रत्येक भटारखान्यातील कामगाराला एवढे तरी ठाऊक झाले पाहिजे : यंत्र धुण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करायचा, तो हाताशी पण चुलीपासून दूर असला पाहिजे, आरसीसीबीचे चाचणी-बटण नियमित दाबून पाहायचे, आणि सांगाड्याला हात लावताच झिणझिणी आली तर काम थांबवायचे. ते थांबवणे हा उद्दामपणा नव्हे, तो त्याचा हक्क आहे. एकट्या पोराला तो बजावता येणार नाही, संघटनेलाच येईल.