समजून घ्या : पुराचा डेटा इमारतीच्या नकाशात का हवा?

पावसाळ्यात कोल्हापूरकरांच्या मोबाइलवर एकच आकडा फिरतो, राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेने ५५ फूटही ओलांडले. हा आकडा बघून आपण गाडी हलवतो, सामान माळ्यावर चढवतो. पण इमारत बांधताना तो कोण बघतो?

बिग डेटाचा इथे काय संबंध?
बिग डेटा म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणांहून सतत जमा होणारी प्रचंड माहिती. गगनबावड्याचा पाऊस, राधानगरीच्या स्वयंचलित दरवाजांतून सुटणारे पाणी, बंधाऱ्याची पातळी, उपग्रहाने टिपलेले जमिनीचे चढउतार. सुटे पाहिले तर हे नुसते आकडे. एकत्र जोडले, तर बंधाऱ्यावर अमुक फूट पाणी असताना तुमच्या गल्लीत ते कुठवर येईल, याचा अंदाज बांधता येतो.

पूररेषा आहे की!
आहे. निळी रेषा २५ वर्षांतून, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पण रेषा प्रामुख्याने बांधकाम करता येईल का आणि किती उंचीवर, एवढेच सांगते. विजेचे मीटर कोणत्या मजल्यावर, जनरेटर तळघरात ठेवायचा का, दवाखान्याची औषधे कुठे, चार दिवस खाली पाणी असेल तर आजारी माणसाला बाहेर कसे काढायचे? ही उत्तरे गल्लीनिहाय माहितीतूनच मिळतात. आर्किटेक्ट आधी कोणती गोष्ट कुठे हे ठरवतो, भिंती नंतर येतात.

मग अडते कुठे?
पाऊस, नदी, वीज, बांधकाम परवाने यांच्या नोंदी वेगवेगळ्या खात्यांत आहेत. त्या एका नकाशावर यायला हव्यात. शिवाय सगळेच सेन्सरला कळत नाही. सुतारवाड्यातल्या माणसांना पाणी कुठून शिरते हे तोंडपाठ असते. भिंतीवरची पुराची खूण हाही डेटाच आहे, तीही मोजून घ्यायला हवी.

सुरुवात साधी आहे. बांधकाम परवान्यासोबत, त्या प्लॉटवर २०१९ आणि २०२१ ला किती पाणी होते, हे छापणे महापालिकेने सक्तीचे करावे. बिल्डरला ते आधी कळेल आणि फ्लॅट घेणाऱ्यालाही. तोपर्यंत पार्किंग कुठे, हे विचारताना पाणी कुठवर आले होते, हेही विचारा.