यंत्र घेण्याआधी पाणी तपासा

बोअरच्या पाण्यावर जगणाऱ्या आपल्या वस्त्यांत हल्ली पाणी ‘मऊ’ करणारी यंत्रे विकायला माणसे येतात. पेल्यात आपले पाणी घेऊन त्यात विजेच्या कांड्या सोडतात आणि मिनिटभरात ते तपकिरी होते. बाया घाबरतात, यंत्र हप्त्यावर घरात येते. आम्हाला ही निव्वळ फसवणूक वाटते. तो रंग घाणीचा नव्हे, विजेने झिजलेल्या लोखंडी कांडीचा गंज आहे. क्षार असलेल्या कुठल्याही पाण्यात, अगदी पिण्यायोग्य पाण्यातही, तो दिसतो.

साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, हंड्याला पांढरा थर बसतो, हा त्रास खराच आहे. तो कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा. पण हे दोन्ही शरीराला लागतात. भारतीय मानकात पाण्याचा जडपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा असे आहे, दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालतो. मुतखड्याची भीती घालून यंत्रे खपवतात, पण जड पाण्याने मुतखडा होतो हे सिद्ध झालेले नाही. उन्हातान्हात राबून पाणी कमी पिणे त्याला जास्त कारण ठरते.

साध्या यंत्रातले मणी कॅल्शियम धरतात आणि बदल्यात पाण्यात सोडियम सोडतात. म्हणून रक्तदाबाच्या माणसाला ते पाणी प्यायला देऊ नये. मणी मिठाच्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवावे लागतात. मीठ किती लागेल, मणी बदलायला खर्च किती, हे विकणारा आपणहून सांगत नाही, विचारावे लागते. आणि फ्लोराइड, नायट्रेट, जंतू हे यंत्र काढत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. तिथे पाणी मऊ झाले म्हणून निर्धास्त राहिलो, तर मुलांचे दात आणि हाडे जातील.

म्हणून आमचे मत असे, की आधी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्यावे. चाळीस घरे एका बोअरवर असतील तर एकच नमुना पुरतो, खर्च वर्गणीतून निघतो. नुसता जडपणा निघाला आणि ऐपत असली, तर न्हाणीच्या नळापुरते छोटे यंत्र घ्या. फ्लोराइड किंवा नायट्रेट निघाले तर अहवाल घेऊन सगळ्यांनी मिळून ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जा आणि नळाच्या पाण्याची लेखी मागणी करा. त्या अहवालाची एक प्रत विहाराच्या फलकावर लावा. कांड्यावाला पुन्हा आला की त्याला आधी तिथे न्या.