संगणकाला दम लागत नाही

जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यात राहणाऱ्या माझ्या भाचीने भा. रा. तांबे यांची एक कविता चार आवाजांच्या समूहगानासाठी बांधली आहे, सोबत छोटा वाद्यवृंद. रचना ती एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेला पाठवू पाहते. घरात त्यावरून वाद आहे. भावोजी म्हणतात, स्वरमेळात घातला की राग मरतो. ताई म्हणते, तिथे आपल्याला कोण विचारणार? मला वाटते, तिने रचना पाठवावीच. पण त्याआधी ती माणसांच्या गळ्यातून गायली गेली पाहिजे, आणि ती सोय अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळाने करावी.

आधी ताईचा प्रश्न. १९६६ च्या ऑक्टोबरात संयुक्त राष्ट्रसंघात एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी ‘मैत्रीं भजत’ गायले. त्याची चाल सावंतवाडी संस्थानात जन्मलेल्या वसंत देसाईंची होती. गायिकेचे नाव जगाला ठाऊक झाले. चाल कोणाची हे आपल्यातही थोड्यांनाच माहीत आहे, याची मला खंत वाटते. आपल्या संगीतकारांना जगापुढे जायला कोणी अडवलेले नाही.

भावोजींचा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि अर्धा खरा आहे. भैरवातल्या आंदोलित कोमल रिषभाखाली जाड स्वरसमूह ठेवला तर तो रिषभ गुदमरतो. पण वृंदासाठी लिहायचे म्हणजे तसेच लिहायला हवे, असा नियम कुठे आहे? जपानच्या तोरू ताकेमित्सू यांनी १९६७ साली न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या १२५ व्या वर्षासाठी ‘नोव्हेंबर स्टेप्स’ लिहिले. त्यात बिवा आणि शाकुहाची ही जपानी वाद्ये ऑर्केस्ट्रात विरघळवलेली नाहीत. दोन्ही बाजू आपापल्या स्वभावाने बोलतात. ताकेमित्सूंच्याच नावाची वाद्यवृंद-रचनेची स्पर्धा टोकियोत १९९७ पासून भरते. ती पस्तिशीपर्यंतच्या संगीतकारांसाठी आहे आणि दर वर्षी एकच नामवंत संगीतकार परीक्षक असतो. इथे अमेरिकेत रीना इस्माइल यांनी २०१६ साली ‘धिस लव्ह बिट्वीन अस’मध्ये गायकवृंद आणि बरोक वाद्यवृंदाच्या शेजारी सतार-तबला बसवला. आणि भावोजी ज्या स्टेशनवरून गाडी पकडतात, तिथून सुमारे दीडशे किलोमीटरवर मैहर आहे. तिथे अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी अनाथ मुलांना शिकवून बँड उभा केला आणि बंदुकीच्या नळ्यांचे नळतरंग बनवले. दीक्षितपुऱ्याला वृंदवादन परके नाही.

भाचीने तोडही शोधली आहे. बास आणि टेनर षड्ज-पंचम धरून राहतात, आळीपाळीने श्वास घेतात, त्यामुळे तंबोऱ्यासारखी अखंड आस राहते आणि वरची सुरावट मोकळी फिरते. कागदावर हे सुंदर दिसते. संगणकावर ऐकले तर आणखी सुंदर वाटते, आणि इथेच मला भीती वाटते. संगणकाला दम लागत नाही. तो सोळा मात्रा श्वास न घेता गातो, उंच पट्टीत त्याचा आवाज चिरकत नाही, शेजारच्याचा सूर ऐकून तो ढळत नाही. ‘ळ’ कुठे आणि ‘ल’ कुठे, हा प्रश्नच त्याला पडत नाही.

परीक्षक मात्र जाणकार असतात. बऱ्याच स्पर्धांत रचनाकाराचे नाव झाकलेले असते; त्यांच्यापुढे फक्त स्कोअर. झपताल नुसता दहा मात्रांचा खण म्हणून लिहिला, दोन-तीन-दोन-तीन अशी फोड दाखवली नाही, तर परका संचालक पाच-पाच मोजणार. मींड कुठून निघते आणि किती वेळ घेते, हे रेषेने दाखवावे लागते. भातखंडे आणि पलुस्करांनी आपल्याला स्वरलिपी दिली, हे फार मोठे काम. पण ती लिपी एका गळ्याची ओळ टिपण्यासाठी आहे. चार आवाज एकावर एक वाचायला पाच रेषांची लिपी शिकावीच लागते. भाची ती शिकली आहे. तिच्याजवळ नाही तो ती वाचणारा गायकवृंद.

तो आपल्याजवळ आहे. इथे गावोगावी हौशी आणि चर्चचे वृंद आहेत, नोटेशन पाहून पहिल्या दिवशी गाणारे. मी गातो त्या वृंदात दर आठवड्याला हेच चालते. नवी रचना हातात आली की पंधरा मिनिटांत कळते कुठे लिहिणाऱ्याने श्वासाचा विचार केलेला नाही.

शब्दांच्या हक्काचेही मंडळाने पाहावे. तांबे १९४१ साली गेले. भारतीय कायद्यात कवीच्या निधनानंतर साठ वर्षे हक्क राहतो, तेव्हा त्यांची कविता मोकळी आहे. ज्या कवींना जाऊन साठ वर्षे झालेली नाहीत, त्यांच्यासाठी वारसांची लेखी परवानगी लागते, आणि ती रचना पाठवण्याआधी हातात हवी. एकट्या मुलीला पत्रव्यवहार जड जातो. मंडळाच्या नावाने तो सोपा होतो.

म्हणून पुढच्या बैठकीत मी ठराव मांडणार आहे. दिवाळीच्या कार्यक्रमासाठी भारतातून कलाकार आणायला जो पैसा लागतो, त्यातून वर्षातल्या एका संध्याकाळचे सभागृहभाडे आणि वृंदाचे मानधन वेगळे काढावे. नव्या मराठी रचना त्या संध्याकाळी वाचून गायल्या जाव्यात, मग त्या इथे वाढलेल्या मुलांच्या असोत की दीक्षितपुऱ्यातून आलेल्या. ध्वनिमुद्रण आणि गायकांनी पेन्सिलीने खुणा केलेल्या प्रती रचनाकाराकडे परत जाव्यात, स्पर्धेच्या मुदतीआधी किमान दोन महिने, म्हणजे दुरुस्तीला वेळ मिळेल.