परक्या युद्धातील आपला माणूस

रायपूर आणि नागपूर ही शहरे १९५६ पर्यंत एकाच राज्यात होती. त्यामुळे रायपुरातील मराठी मंडळींच्या बैठकीत नागपूरच्या जुन्या माणसांचा विषय सहज निघतो. गोपाळ मुकुंद हुद्दार हे त्यांपैकी एक. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे हे पहिले सरकार्यवाह पुढे इंग्लंडला गेले, ‘जॉन स्मिथ’ हे नाव धारण करून स्पेनच्या यादवी युद्धात आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये दाखल झाले, १९३८ मध्ये फ्रँकोच्या सैन्याच्या हाती सापडले आणि सुटकेनंतर मायदेशी परतले.

मे २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंच्या जथ्याबरोबर बगदादला गेले आणि तेथून ‘इस्लामिक स्टेट’कडे वळले. त्यांपैकी एक नोव्हेंबरमध्ये परतला. दोन्ही प्रसंगी माणूस परक्यांच्या युद्धात गेला. म्हणून दोन्ही सारखेच, असे कोणी म्हणू नये. परंतु ‘ध्येय उदात्त असेल तर स्वयंसेवक, नाही तर दहशतवादी’ एवढे म्हणूनही भागत नाही. कारण जाणाऱ्या प्रत्येकाला आपले ध्येय उदात्तच वाटत असते. माझ्या मते खरी कसोटी निराळी आहे: परका लढवय्या कोणाला उत्तरदायी असतो?

स्पेनमधील स्वयंसेवक एका निर्वाचित प्रजासत्ताकाच्या बाजूने लढत होते. त्या शासनाने १९३८ मध्ये त्यांना माघारी धाडण्याचे ठरविले आणि ते निघाले. याउलट, १९८० नंतरच्या दशकात पेशावरहून अब्दुल्ला अज्जाम यांनी जो विचार पसरविला, त्याने उत्तरदायित्वाचे धागेच तोडले. अफगाणिस्तानचे रक्षण हे जगातील प्रत्येक मुसलमानाचे व्यक्तिगत कर्तव्य, ‘फर्ज-ए-ऐन’ आहे आणि त्यासाठी मुलाला आईवडिलांच्या अनुज्ञेची गरज नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. धर्मशास्त्राच्या परंपरेने ज्या अनुज्ञेला सामान्यतः मोठे स्थान दिले, तीच येथे बाजूला सारली गेली.

‘इस्लामिक स्टेट’ने याची परिसीमा गाठली. सुमारे चाळीस हजार परदेशी माणसे तिच्याकडे गेली, असा अंदाज आहे. त्यांचे मोल केवळ संख्येत नव्हते. ज्याचे त्या गावात नातेगोते नाही, उद्या ज्याला तेथील शेजाऱ्याला तोंड दाखवायचे नाही, त्याच्या हातून आत्मघाती हल्ला, बंदिवानांचा छळ, सामान्य प्रजेवरील जुलूम करवून घेणे सोपे जाते. परदेशी सैनिक आपले पारपत्र जाळत असल्याची दृश्ये ही संघटना मुद्दाम प्रसृत करीत असे. परतीची वाट जळाली, की माणूस पूर्णपणे संघटनेचा होतो.

म्हणूनच परतीचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कल्याणच्या तरुणांच्या घरच्यांनी मुले बेपत्ता होताच पोलिसांकडे धाव घेतली होती. परतलेल्या तरुणावर खटला भरण्यात आला. तो सहा वर्षांहून अधिक काळ कारागृहात राहिला आणि २०२१ मध्ये, खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच, मुंबई उच्च न्यायालयाने त्याचा जामीन कायम केला. चौकशी आणि खटला आवश्यकच होते. सिंजारच्या यझिदी स्त्रियांवर २०१४ मध्ये जे अत्याचार झाले, त्यानंतर अशा संघटनेत गेलेल्या कोणालाही ‘चुकलेले लेकरू’ म्हणून नुसते कुरवाळता येणार नाही.

परंतु न्याय वेळेत व्हावयास हवा. दोषी असेल त्याला शिक्षा, नसेल त्याला मुक्तता. आणि ज्या बापाने स्वतः होऊन पोलीस ठाण्याची पायरी चढली, त्याच्या वाट्याला संशय येऊ नये. तसे झाले तर पुढचा बाप गप्प बसेल आणि मुलाचे रिकामे अंथरूण शेजाऱ्यांपासून लपवील. त्या संघटनेला हवे असते ते नेमके हेच मौन. ती जी वाट जाळू पाहते, ती आपणही आपल्या हातांनी बंद करावी काय, याचा विचार आपण करावयास हवा.