लॅपटॉपची बॅटरी, पावसाळा आणि उपकेंद्र

आजरा तालुका सह्याद्रीला लागून आहे. पावसाळ्यात वारा सुटला, झाड तारांवर पडले की वीज जाते आणि आडबाजूच्या गावांत ती परत यायला वेळ लागतो. पूर्वी याची झळ दिवा-पंख्यापुरती होती. आता आरोग्य उपकेंद्राचे बरेचसे काम लॅपटॉपवर आले आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘ई-संजीवनी’ सेवेत समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवून दूरच्या डॉक्टरांशी बोलणे करून देतात. वृद्ध मधुमेही रुग्णाचा एसटीचा फेरा त्यामुळे वाचतो. पण वीज जाताच लॅपटॉपही बंद पडला, तर सल्ला अर्धवट राहतो.

लॅपटॉपमधील लिथियम-आयन बॅटरीला दोन गोष्टी मानवत नाहीत : उष्णता आणि सतत शंभर टक्के भरलेले राहणे. कार्यालयातील लॅपटॉप वर्षभर चार्जरलाच जोडलेला असतो. बॅटरी न वापरताही झिजते आणि वीज जाईपर्यंत ते कुणाच्या लक्षात येत नाही. अनेक लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते. ती सुरू ठेवावी.

बिघाडाचे निदान रुग्ण तपासावा तसे क्रमाने करावे. आधी दुसरा सॉकेट, मग अ‍ॅडॉप्टर आणि त्याची वायर, शेवटी बॅटरी. वायर काढताच लॅपटॉप बंद पडत असेल तर बॅटरी संपली आहे. जोडूनही सुरू होत नसेल तर संशय आधी अ‍ॅडॉप्टरवर घ्यावा. लॅपटॉपला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. टचपॅड वर उचलला गेला किंवा झाकण नीट बसेना, तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता असते. चार्जिंग लगेच थांबवावे. तिला दाबू वा टोचू नये. आग लागून विषारी वायू बाहेर पडू शकतो. ती घंटागाडीतही टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

बॅटरी धडधाकट असूनही राउटर बंद पडला तर इंटरनेट जाते आणि बोलणे तुटतेच. त्यामुळे राउटरलाही छोटा यूपीएस हवा. यंत्रे खरेदी करताना चर्चा होते. दोन-तीन वर्षांनी बॅटरी बदलण्याची तरतूद मात्र राहून जाते. ऑक्सिजन सिलिंडरचा काटा जसा नियमित पाहिला जातो, तसे महिन्यातून एकदा प्लग काढून लॅपटॉप किती मिनिटे चालतो, हे नोंदवहीत लिहावे. ही तपासणी मृग नक्षत्रापूर्वी व्हावी.