गाठीचे नाव कळणे हाही हक्कच!

तपासणीच्या कागदावर 'कॅन्सर' हा शब्द आला की निदान पूर्ण झाले, असा समज आपल्या वस्त्यांमध्ये आजही आहे. हा समज घातक आहे. कॅन्सर नेमका कोणता, हे ठरल्याशिवाय योग्य औषध ठरत नाही.

गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, मेणात बसवतात, त्याचे पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बऱ्याच गाठी एवढ्यावर ओळखता येतात. काही येत नाहीत. मानेतील गाठ लिम्फोमाची आहे की दुसऱ्या अवयवातून पसरलेल्या कॅन्सरची, हे कधी कधी नुसत्या नजरेने सांगता येत नाही. दोहोंचे उपचार मात्र पूर्णपणे वेगळे! अशा वेळी इम्युनोस्टेन लागतो. विशिष्ट प्रथिनालाच चिकटणारी प्रतिपिंडे कापावर टाकतात. ते प्रथिन असेल तेथे बहुधा तपकिरी रंग उमटतो. सीडी-४५ उमटले तर रोख लिम्फोमाकडे, केराटिन उमटले तर कार्सिनोमाकडे. एकाच रंगावर निकाल देत नाहीत. अनेक साक्षी एकत्र तपासाव्यात तसे हे काम आहे.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये ईआर, पीआर आणि हर-टू या तपासण्या आवश्यक आहेत. ईआर उमटले तर टॅमोक्सिफेनसारखी जुनी, स्वस्त गोळी उपयोगी पडते. तपासणीच झाली नाही तर आमच्या मायबहिणीला ती गोळी देणार कोण?

१ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इमॅटिनिबवरील नोव्हार्टिसचा पेटंटचा दावा फेटाळला आणि देशात बनणाऱ्या स्वस्त औषधाची वाट मोकळी राहिली. हेच औषध पोटातील जिस्ट या गाठीवर चालते आणि ती गाठ ओळखायला सीडी-११७ हा स्टेन लागतो. न्यायालयाने राखलेली वाट प्रयोगशाळेच्या दारात अडत असेल, तर त्या विजयाचा गरिबाला उपयोग काय?

पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात १९९६ साली न्यायालयाने बजावले, की पैशाची अडचण सांगून शासनाला तातडीचे उपचार टाळता येणार नाहीत. तो कलम २१ मधील जगण्याचा हक्क आहे. हेच तत्त्व निदानालाही लागू व्हावे, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे. श्रीमंताचा तुकडा खाजगी प्रयोगशाळेत जातो. गरिबाला 'बाहेरून करून आणा' अशी चिठ्ठी मिळते आणि ती चिठ्ठी घरातच पडून राहते.

म्हणून प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हे मूलभूत स्टेन मोफत आणि ठरलेल्या मुदतीत झाले पाहिजेत. तालुक्याच्या शस्त्रक्रियागृहातही काळजी हवी. तुकडा वेळेत फॉर्मॅलिनमध्ये गेला नाही, तर पुढची तपासणी फसते. स्तनाच्या गाठीसाठी तो ६ ते ७२ तास त्यात राहावा, असा निकष आहे.

कार्यकर्त्यांनी रुग्णाच्या घरी एवढे तरी सांगावे : अहवालाची प्रत मागा. मेणाचा ठोकळा कोठे ठेवला आहे ते विचारा. त्यावर पुढेही नवे स्टेन करता येतात. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागणी केल्यावर ७२ तासांत उपचारांच्या नोंदी मिळाल्या पाहिजेत. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. मागितल्याशिवाय आपल्याला आजवर काय मिळाले आहे?