साधं-भोळं म्हणू नका

आमच्याकडे पाहुणा येतो, दोन दिवस राहतो, भरीत आणि कळण्याची भाकरी पोटभर खातो आणि निघताना एक वाक्य हमखास बोलतो, "खान्देशातली माणसं फार साधी-भोळी हो!" त्याला वाटतं त्यानं आपलं कौतुक केलं. आमच्यातले बरेच जण ऐकून खूशही होतात. मला मात्र ते कौतुक पचत नाही. चाळीस वर्षं शेती करून मला एक कळलं आहे, की समोरच्यानं आपल्याला भोळं म्हटलं की त्यानं आपल्या मालाचा भाव मनात आधीच उतरवलेला असतो.

एका साली माझी केळी कापणीला आली होती. बाहेरगावचा एक व्यापारी बागेत आला. बांधावर बसून चहा प्यायला आणि म्हणाला, "नाना, तुमच्यासारख्या साध्या माणसाशी व्यवहार करायला बरं वाटतं." पुढच्याच वाक्यात त्यानं जाहीर भावापेक्षा क्विंटलमागे दीडशे रुपये कमी सांगितले. मी म्हटलं, "भाऊ, हे दीडशे साधेपनाचे कापले का?" तो हसला. मी हसलो नाही.

शेवटी मी त्याच भावात माल दिला. का दिला तेही सांगतो. केळी काही कांद्यासारखी चाळीत भरून ठेवता येत नाही. घड भरला की थोड्या दिवसांत कापावाच लागतो. त्यात पावसाळ्याच्या तोंडाला वादळ आलं तर उभी बाग तासाभरात आडवी होते. हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. बाहेरून बघणारा म्हणेल, बिचारा भोळा शेतकरी फसला. अहो, मी फसलो नाही. पूर्ण हिशोब करून, डोळे उघडे ठेवून हरलो. फसणं वेगळं आणि अडवलं जाणं वेगळं. अडलेल्याला भोळा म्हटलं की अडवणाऱ्याचं नाव घ्यावं लागत नाही, म्हणून हा शब्द लोकांना इतका आवडतो.

मी नशिराबादचा. जळगावहून भुसावळकडे निघालं की दहाएक किलोमीटरवर आमचं गाव लागतं. महामार्गाचा नंबर पूर्वी ६ होता, आता ५३ झाला. गाडीतल्या माणसाला नशिराबाद म्हणजे टोलनाका, एवढंच ठाऊक. पैसे कापले गेले की त्याच्यासाठी गाव संपलं. कुणी कुणी विचारतं, "ते राजस्थानातलं, छावणीचं ना?" नाही हो, ते अजमेरजवळचं नसिराबाद. आमचं गाव तापीच्या खोऱ्यातलं. आमच्या भागातून वाघूर वाहते. अजिंठ्याची लेणी जिच्या वळणावर कोरली आहेत तीच ही नदी, खाली येऊन तापीला मिळते. लेणी बघायला लांबलांबची माणसं जळगाव स्टेशनात उतरतात. त्याच नदीच्या खालच्या अंगाला कोण राहतं, हे सहसा कुणी विचारत नाही.

मागास गाव म्हणणाऱ्यांनी जुनी कागदपत्रं तरी उघडावीत. इंग्रजांनी १८८० साली खान्देशाचं गॅझेटियर छापलं. त्यात नशिराबाद हा तालुका आहे आणि जळगाव या तालुक्यातलं एक ठिकाण. काचेच्या बांगड्या करणारं गाव म्हणून जुन्या सरकारी नोंदींत आमचं नाव आहे. पण त्याआधीच रेल्वे आली होती. आमच्या वाट्याला जवळचं भादली स्टेशन आलं, आणि जळगाव कापसाची पेठ झाली. १९०६ साली खान्देशाचे दोन जिल्हे झाले तेव्हा पूर्व खान्देशाचं मुख्य ठाणं जळगावला गेलं. त्याचा मला राग नाही. जळगाव वाढलं म्हणून आमच्या कापसाला, भाजीला गिऱ्हाईक मिळालं. पण गाव मागं पडलं म्हणजे माणसं मागास ठरत नाहीत. रूळ कुठून टाकायचे हे आमच्या बापजाद्यांना कुणी विचारलं नव्हतं.

दुसरा घोटाळा गावाच्या नावाचा. शेवटी 'आबाद' आहे ना! शहरातला माणूस आवाज खाली आणून विचारतो, "तुमच्याकडे वातावरण कसं असतं?" मी सांगतो, मे महिन्यात पंचेचाळीस अंश. त्याला ते विचारायचं नसतं हे मला कळतं. गावात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, दोन्ही पिढ्यान्‌पिढ्यांचे. भांडणं होतच नाहीत असं खोटं मी सांगणार नाही. बांधाच्या वीतभर मातीसाठी सख्खे भाऊ कोर्टात जातात, तिथं बाकीचं काय सांगावं! पण लग्नाचा चुडा मण्याराच्या हातून भरला जातो, आणि ट्रॅक्टर बंद पडला की मिस्त्रीला आधी जात-धर्म कुणी विचारत नाही. गिऱ्हाईक खोळंबलं आणि पेरणी खोळंबली तर दोघांचंही नुकसान. हे शहाणपण आम्हाला कुणी शिकवलेलं नाही, रोजच्या कामातून आलेलं आहे.

याच गावात झिप्रूअण्णा नावाचे अवधूत राहून गेले. अंगावर वस्त्र नाही, कुठंही बसायचे. गावानं त्यांना सांभाळलं. स्वामी मुक्तानंदांनी आपल्या आत्मकथनात त्यांच्याविषयी लिहिलं, म्हणून त्यांचं नाव पार दूरवर गेलं. तिकडून येणाऱ्या एखाद्याला अख्खं गावच पुण्यवान वाटायला लागतं. तेही खरं नाही. आम्हाला अडाणी म्हणणारा आणि आम्हाला संत म्हणणारा, दोघंही ओट्यावर बसून आमच्याशी तासभर बोललेले नसतात.

आता बोलीचं सांगतो. माझा खरा राग इथं आहे.

माझ्या भावाचा नातू पुण्याला शिकायला गेला. होस्टेलात बोलता बोलता 'मले' म्हणाला, 'डोया' म्हणाला. झालं! पोरांनी त्याचं नावच 'मले' ठेवलं. दिवाळीला घरी आला तेव्हा आजीशी 'मला, तुला' करत बोलायला लागला. आजी म्हणाली, "काहून रे, पाहुन्यासारखा बोलतो?" पोरगं काहीच बोललं नाही. तीन महिन्यांत त्या पोराच्या तोंडून त्याचं घर काढून घेतलं गेलं, आणि काढून घेणाऱ्यांना वाटलं आपण फक्त गंमत केली.

त्या पोरांनी शाळेत बहिणाबाईंच्या कविता पाठ केल्या असतील, त्यावर मार्कही मिळवले असतील. बहिणाबाई चौधरी आसोद्याच्या, जन्म १८८० चा. आसोदा म्हणजे आमच्या शेजारचंच गाव. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नाही. जात्यावर, शेतात काम करता करता गाणी रचली, ती घरच्यांनी कागदावर उतरवली. १९५१ साली त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं. फार चांगलं झालं. पण मग मला सांगा, त्यांचं 'मले' पुस्तकात छापलं की साहित्य, आणि त्यांच्याच शिवारातल्या पोराच्या तोंडून निघालं की गावंढळ, हा कुठला न्याय? भिंतीवर फोटो लावायचा आणि दारात आलेल्या नातवंडाला हसायचं!

वर आणखी अज्ञान असं, की बहिणाबाईंची भाषा अहिराणी, असं शिकलेले लोक बिनदिक्कत सांगतात. अहिराणी धुळे-नंदुरबारकडची, आमच्या जिल्ह्यात अमळनेर, पारोळा, चाळीसगाव भागातली. तिथं 'आहे' म्हणायला 'शे' म्हणतात. ती गोड भाषा आहे, तिचा मान तिला आहेच. आमच्या बाजूची ती लेवा गणबोली. आमच्यात 'ळ'चा 'य' होतो. केळी म्हणजे केयी, डोळा म्हणजे डोया, शाळा म्हणजे शाया. मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस, व्याकरणाचा पंडित नाही. पण एवढं मला समजतं, की चूक असती तर ती कधी झाली असती, कधी झाली नसती. जे सगळं गाव, सगळ्या पिढ्या, शब्दामागून शब्द एकसारखं बोलतात, त्याला नियम म्हणतात. तो तुमच्या नियमापेक्षा वेगळा आहे, इतकंच.

साध्या-भोळ्या माणसांनी काय केलं याचा एक दाखला देतो. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन फैजपूरला भरलं. फैजपूर तापीच्या पलीकडं, यावल तालुक्यात. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं हे पहिलं अधिवेशन. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष, गांधीजी हजर, आणि नगराची सजावट नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावातल्याच साहित्यातून केलेली. धनाजी नाना चौधरींसारखे कार्यकर्ते त्यासाठी राबले. डिसेंबरच्या थंडीत एवढ्या माणसांचं पाणी, जेवण, निजायची जागा, संडास, गाड्या-बैलांचा चारा, हे सगळं खेड्यानं उभं केलं. भोळेपणावर असं काम होत नाही. त्याला हिशोब लागतो आणि दिलेल्या शब्दाला जागणारी माणसं लागतात.

तोच हिशोब आजही शिवारात चालतो. केळी लावायची तर मृगबाग की कांदेबाग, विहिरीचं पाणी मेपर्यंत पुरेल का, एकरी दीडेक हजार खोडांना ठिबकचा खर्च किती, कापसाखाली किती रान ठेवायचं, मजूर कधी मिळेल, हे सगळं एका डोक्यात मांडावं लागतं. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात केळीसारखं पाणीखाऊ पीक जगवणारा माणूस भोळा असेल, तर हुशार कोण ते मला दाखवा. २०१६ साली जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मालाला नाव मिळालं, चांगलं झालं. पण माल पिकवणाऱ्याच्या अकलेला मानांकन द्यायला अजून कुणी तयार नाही.

आमच्यात खोट नाही असं माझं म्हणणं नाही. गटारीच्या पाण्यावरून आम्ही वर्षभर बोलणं टाकतो. व्यापाऱ्यापुढं एकीनं उभं राहायची वेळ आली की आमचाच एखादा रात्री जाऊन आपला माल आधी देऊन येतो. आणि सगळ्यात मोठी खोट ही, की पाहुणे आले की आपणच पोरांना दटावतो, "नीट बोल." पोरगं नीटच बोलत असतं. आपल्यालाच लाज वाटत असते, आणि ती लाज बाहेरून आणून कुणीतरी आपल्या घरात ठेवलेली असते.

तेव्हा बाहेरच्या मंडळींना माझं सांगणं थोडकं आहे. आम्हाला थोर म्हणू नका, पुण्यवान म्हणू नका, आणि भोळं तर मुळीच म्हणू नका. आमच्याशी बरोबरीनं बोला. शब्द कळला नाही तर विचारा, आम्ही सांगू. माल घ्यायचा असेल तर त्या दिवसाचा भाव द्या, आणि परवडत नसेल तर परवडत नाही असं सरळ सांगा. आम्ही त्याचा राग मानत नाही.

आणि आपल्या पोरांना सांगतो, पुण्या-मुंबईला जा, प्रमाण मराठी शिका, इंग्रजी शिका, त्यात कमी पडू नका. पण घरी फोन लावला की 'मले'च म्हणा. तुमच्या आजीला दुसरं नातवंड नको आहे.